चालकाचं नाव

दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी सकाळी, मी दुबईबाहेरच्या रेसट्रॅकवर भाड्याची गाडी चालवली. चौथ्या फेरीत गाडी टायरच्या भिंतीवर आदळली. डावा दिवा फुटला, मडगार्ड आत गेलं. कुणाला लागलं नाही. त्याच दिवशी दुपारी पोलिस रिपोर्ट झाला. त्यात अपघाताची जागा म्हणून एमिरेट्स रोडलगतचा सर्व्हिस रोड आहे, आणि चालक म्हणून सदानंद या माणसाचं नाव आहे.

यातली पहिली दोन वाक्यं मी आजवर कुणापुढे उच्चारलेली नाहीत. आईपुढे नाही. पुढे लग्न झालं, त्या नवऱ्यापुढेही नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट माहीत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. कोण, कुठे, केव्हा — एवढं जुळलं की बातमी पुढे जायची. माझ्या या बातमीत 'केव्हा' तेवढं खरं आहे.

तेव्हा मी दुबईत एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. करामा या वस्तीत एका मराठी कुटुंबाकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायचे. वय एकतीस. तीन महिन्यांपूर्वी मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं होतं — सहाव्या खेपेला. तिथे राहिलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते : भारतातलं लायसन्स तिथे चालत नाही, नव्याने शिकावं लागतं, आणि परीक्षा घेणारा पोलिस आरशात पाहिलं नाही, खांद्यावरून मागे मान वळवली नाही, एवढ्यावरून नापास करतो. मी दोनदा मान न वळवल्याने नापास झाले. एकदा वळवली, पण 'फक्त डोळे हलले' म्हणून. पास झाले त्या दिवशी ऑफिसात दोन किलो मिठाई वाटली. मला वाटतं, आयुष्यात कुठल्याही पदवीचा एवढा आनंद झाला नव्हता.

त्या वर्षी ट्रॅक नवा होता आणि त्याचं नाव अख्ख्या आखातात झालेलं होतं. मोठमोठ्या शर्यतींच्या बातम्या मी डेस्कवर बसून दुरुस्त करायचे — न पाहिलेल्या वळणांची नावं, न ऐकलेले आवाज. मग जाहिरात आली : एका शुक्रवारी सकाळी सामान्य माणसांनी आपापली गाडी आणून ट्रॅकवर चालवावी. मी संपादकांना म्हटलं, मी जाते, अनुभव लिहिते. ते म्हणाले, जा, पण पेपर गाडी देणार नाही. कठड्यापलीकडे उभं राहून लिहिलंस तरी चालेल.

कठड्यापलीकडे उभं राहून मी सात वर्षं लिहीत होते.

गाडी माझ्याकडे नव्हती. भाड्याने मिळेना, कारण लायसन्सला वर्ष झालेलं नसेल तर कंपन्या गाडी देत नाहीत. तेव्हा मला सदाभाऊ आठवले — रिपोर्टातले सदानंद ते हेच. गुहागर तालुक्यातला माणूस. शारजात, रोल्लामध्ये, एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीत कामाला — गाड्या ग्राहकाकडे पोचवायच्या, परत आणायच्या, धुवून उभ्या करायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली होती. मूर्ती आणायची गाडी दरवर्षी तेच चालवायचे. नऊ वर्षं तिथे होते आणि नऊ वर्षांत बायकोला आणि मुलीला तिथे आणू शकले नव्हते. त्या मार्चमध्ये त्या दोघी पहिल्यांदा येणार होत्या, एक महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर. तिकिटं आली होती. मालकाने दोन आठवड्यांची रजा आणि राहायला एक खोली कबूल केली होती. भेटेल त्याला ते हे सांगायचे. मलाही तीनदा सांगून झालं होतं.

मी त्यांना गाडी मागितली. कशासाठी तेही सांगितलं.  ते म्हणाले, "ताई, आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये छापलेलंच आहे, रेसला गाडी न्यायची नाही म्हणून."

मी म्हणाले, "पेपरने बघितलंय सगळं. इन्शुरन्स वगैरे त्यांच्याकडून आहे."

पेपरने काहीही बघितलेलं नव्हतं. हे वाक्य मी का बोलले? ते मला आधीपासून ठरवलेलं आठवत नाही. ते तोंडातून आलं — जसं एखादं खोटं नाही, तर एखादी राहून गेलेली माहिती यावी तसं. आणि सदाभाऊंनी ते तसंच घेतलं. पेपरवाल्या बाई, आपल्याकडची माणसं — खोटं कशाला बोलतील? त्यांनी गाडी स्वतःच्या नावावर लिहिली. कर्मचाऱ्याला मालकाच्या परवानगीने तसं करता यायचं, पण त्यांनी परवानगी घेतली नाही. शुक्रवारी सकाळी स्वतः गाडी घेऊन करामात आले. पांढरी, लहान, अगदी साधी गाडी. मागच्या सीटवर डब्यात पोहे. म्हणाले, "तुम्ही चालवा, मी बघतो. गाडी माझ्या नावावर आहे, मी घरी बसून काय करू?"

ट्रॅकवर एका टेबलाशी फॉर्म भरला. 'वाहन तुमच्या मालकीचं आहे का?' या चौकटीत मी 'हो' वर खूण केली. हेल्मेट दिलं, त्याला दुसऱ्या कुणाच्या केसांच्या तेलाचा वास होता. एका गोऱ्या प्रशिक्षकाने दहा मिनिटं सूचना दिल्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या, म्हणून शब्द आठवतात : समोरून कोणी येणार नाही. मागून कोणी आलं तर तो तुम्हाला चुकवेल, ती त्याची काळजी. तुम्ही मागे पाहायचं नाही. जिथे जायचं तिथे पाहायचं.

पहिली फेरी. मला सगळ्यात आधी काय जाणवलं असेल? रुंदी. रस्त्यावर पट्टे नव्हते, सिग्नल नव्हते, फलक नव्हते. सहा परीक्षांमध्ये जे जे पाहायला शिकले होते ते तिथे काहीच नव्हतं. नुसतं काळं डांबर आणि कडेला लाल-पांढरा रंग. कुठे वळायचं ते वळण आल्यावरच कळे. पहिल्या डाव्या वळणाला मी काय केलं — इंडिकेटर दिला. रेसट्रॅकवर. कडेला झेंडे घेऊन उभे असलेले दोघे वाकून हसताना मला दिसले. पुढच्या वळणालाही दिला. हात ऐकत नव्हता.

दुसऱ्या फेरीत मला आवडू लागलं. हे सांगायला पाहिजे, कारण नंतरच्या सगळ्यामुळे ते पुसलं गेलं असं मी मानत आले, आणि ते तसं नाही. लांब सरळ पट्टा होता, त्यावर मी पाय पूर्ण दाबला. गाडीचं इंजीन शिलाई मशीनसारखं ओरडत होतं. मागून येणाऱ्या मोठ्या गाड्या मला सहज मागे टाकत होत्या. तरी मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसत होते. तिसऱ्या फेरीत सदाभाऊ कठड्याशी दिसले. डब्याचं झाकण हवेत हलवत होते.

चौथ्या फेरीत ब्रेकचा पेडल मऊ लागला. की लागला नाही? मी हे शेकडो वेळा आठवून पाहिलं आहे. लांब पट्ट्याच्या शेवटी उजवं वळण होतं. मागून एक गाडी वेगाने येत होती. मी आरशात पाहिलं. मग — इंडिकेटर दिला, आणि खांद्यावरून मान पूर्ण मागे वळवली. परीक्षेत वळवायची तशी, हनुवटी खांद्यापर्यंत. मला कुणी पास करणार होतं का? मान पुढे आणली तेव्हा वळण आलेलं होतं. ब्रेक दाबला. आधी पेडल मऊ होता म्हणून गाडी थांबली नाही, की मी उशिरा दाबला म्हणून? मला माहीत नाही. खडीतून गाडी सरकत गेली आणि टायरच्या भिंतीवर जाऊन थांबली. आवाज मोठा नव्हता. पाण्याने भरलेली बादली पडावी तेवढा.

ट्रॅकच्या लोकांनी मला बाहेर काढलं, डोळ्यांत विजेरी मारून पाहिली, गाडी ओढून आणली. ती चालत होती. फॉर्मप्रमाणे नुकसान ज्याचं त्याचं होतं, तेव्हा त्यांनी आम्हाला निघायला सांगितलं. परतताना सदाभाऊ चालवायला बसले.

 सर्व्हिस रोडवर आल्यावर त्यांनी दुभाजकाच्या काँक्रीटच्या कठड्याशी गाडी उभी केली. तिथे साधा नियम आहे : पोलिसांच्या कागदाशिवाय कुठलंही गॅरेज गाडीच्या पत्र्याला हात लावत नाही. एक ओरखडा असला तरी नाही. आणि ट्रॅकवरच्या अपघाताचा कागद घेऊन गेलो असतो तर कंपनीचा विमा मिळाला नसता. म्हणून अपघात रस्त्यावर व्हायला हवा होता. गाडी या कठड्याला घासली, असं सांगायचं. हे त्यांनी सुचवलं आणि मी मान हलवली. त्यांनी पोलिसांना फोन लावला.

तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, पेपरचा इन्शुरन्स आहे ना पण?"

मी म्हणाले, "नाहीये."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग हसले — खरंच हसले — आणि म्हणाले, "पाच वेळा नापास करणारे पोलिस बरोबर होते म्हणायचे."

पोलिस यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात चालवत कोण होतं हे काय सांगायचं, ते आम्ही ठरवलं नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण माझी सगळी अडचण इथे आहे. कुठल्या कठड्याला घासली ते ठरवलं. किती वेगात तेही ठरवलं. चालक कोण ते ठरवलं नाही. त्यांना वाटलं असेल मी बोलेन. मला वाटलं ते बोलतील. की आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होतं म्हणून कुणी विचारलं नाही? ते मुलीबद्दल बोलत होते. तिला समुद्र दाखवायचा नाही, तो घरी आहेच — तिला लिफ्ट दाखवायची, म्हणाले. उंच, काचेची.

पोलिस तरुण होता. त्याने गाडी पाहिली, कठडा पाहिला. कठड्यावर पांढऱ्या रंगाचा ओरखडासुद्धा नव्हता.  तरी त्याने वही काढली आणि हिंदीत विचारलं, "गाडी कौन चलाया?"

यापुढची माझी आठवण अशी : कुणीच बोललं नाही. सदाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून आपलं लायसन्स काढून पुढे केलं. ही आठवण मी पुष्कळ वर्षं सांभाळली. तिच्यात मी भित्री होते, गप्प होते. पण खोटं बोललेली नव्हते. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे, असं मी स्वतःला सांगत होते. आहे का?

नंतर काय झालं ते थोडक्यात. रिपोर्टात सदाभाऊ दोषी ठरले. मालकाने विचारलं, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी कंपनीची गाडी स्वतःसाठी कशी नेली? त्यांनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. माझं नाव घेतलं नाही एवढं माहीत आहे, कारण मला कुणाचा फोन आला नाही. 'खलास,' मालक म्हणाला — हे त्यांनीच मला सांगितलं. नोकरी गेली की व्हिसा रद्द होतो, आणि व्हिसा रद्द झाला की बायकापोरांना बोलावता येत नाही. मार्चची तिकिटं परत केली गेली.

व्हिसा रद्द होईपर्यंत बारा दिवस होते. सातव्या दिवशी मी रोल्लाला गेले. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, काचेचा दरवाजा. मी आत जाऊन बसले. मालक फोनवर होता. दहा मिनिटांनी त्याने फोन ठेवला आणि विचारलं, "येस मॅडम?"

मी महिन्याच्या भाड्याचं पत्रक मागितलं. त्याने दिलं. मी 'थँक यू' म्हणाले आणि जिना उतरले.

मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित त्यांची नोकरी तशीही गेली असती — परवानगी न घेता, नव्या लायसन्सवाल्या बाईला, रेससाठी गाडी दिली म्हणून. हा मुद्दा बरोबर असू शकतो. पण त्या जिन्यावर तो मला सुचलेला नव्हता. तो पुढे काही महिन्यांनी सुचला, आणि मला फार बरं वाटलं होतं. जिन्यावर मला फक्त माझं लायसन्स सुचत होतं, माझी नोकरी, फॉर्मवरची खूण. आणि माझा लेख — तो दरम्यान छापून आला होता, कठड्यापलीकडून पाहिल्यासारखा लिहिलेला. त्यात माझंच एक वाक्य होतं : 'दिवसभरात कुठलाही अपघात झाला नाही.' त्याची दुरुस्ती कधी छापली गेली नाही.

जाण्याआधी सदाभाऊ करामात भेटायला आले. मी मुलीसाठी चॉकलेटं आणि एक बाहुली दिली. त्यांनी मला रिपोर्टची झेरॉक्स दिली. म्हणाले, "माझ्याकडे नको. तुमच्याकडे कागद नीट राहतात." ती टोचून बोलायची त्यांची पद्धत होती की नुसतंच म्हणाले, ते कळलं नाही. रिपोर्ट अरबीत होता. मी तो फाइलमध्ये ठेवला आणि वाचून घेतला नाही.

तीन वर्षांनी मी दुबई सोडत होते. टेबल आवरताना तो कागद निघाला. शेजारी आमचा सुदानी अनुवादक बसलेला होता. मी सहज विचारल्यासारखं त्याला दिला. त्याने बसल्या बसल्या वाचला — गाडीचा नंबर, जागा, कठडा. मग एक ओळ : बाजूला बसलेल्या महिलेने पुरुषाकडे हात करून, गाडी हाच चालवत होता असं सांगितलं.

मी त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. त्याने वाचली. "तू होतीस का गाडीत?" त्याने विचारलं. मी म्हणाले, एक ओळखीची बाई होती.

म्हणजे मी बोलले होते. हात केला होता. की त्या पोलिसाला दोन माणसं, एक लायसन्स आणि एक गप्प बाई दिसली आणि त्याने रिकामी जागा भरून टाकली? रिपोर्ट लिहिणारे असं करतात. मी स्वतः केलेलं आहे. पण मग माझा हात? मी डोळे मिटले की मला रस्ता दिसतो, माझा हात कुठे दिसत नाही. मात्र तो दिसत नाही, याचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात मी गुहागरला गेले. सांगायचं ठरवून गेले होते. वाक्यंही ठरवली होती. सदाभाऊंची वाडी मुख्य रस्त्यापासून आत आहे. ते घरी नव्हते. आता सहा आसनी रिक्षा चालवतात, चिपळूणचं भाडं घेऊन गेले होते. वहिनींनी ओटीवर बसवलं, कोकम सरबत दिलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"अगो बाई, म्हणजे पेपरातल्या ताई त्या तुम्हीच! अख्ख्या वाडीला सांगून झालंय यांचं. रेसच्या मैदानात गाडी घातली म्हणून नोकरी गेली म्हणतात. लोकांची नोकरी दारू पिऊन जाते, यांची बघा." त्या हसल्या, आणि हसता हसता पदराने टेबल पुसलं, जे स्वच्छच होतं.

मुलगी दाराशी उभी होती. तेरा वर्षांची, दोन वेण्या. तिने विचारलं, "तुम्ही बाबांच्या बाजूला बसला होतात ना? तेच चालवत होते ना?"

वहिनी म्हणाल्या, "अगो, विचारतेस काय? खोटं कशाला सांगतील ते?"

"मला माहितेय. शाळेत पोरं मानत नाहीत. म्हणतात, तुझा बाप दुबईत गाड्या धुवायचा." ती आत गेली आणि वही घेऊन आली. "तुम्ही पेपरात आहात. लिहून द्या ना. तुमचं मानतील."

मी वही घेतली. मागच्या पानावर लिहिलं : 'श्री. सदानंद यांनी दुबईच्या रेसट्रॅकवर गाडी चालवली. मी त्यांच्या शेजारी बसले होते.' तिने वाचलं आणि विचारलं, किती स्पीड होता तेही लिहा ना.

मी 'ताशी एकशे साठ' असं लिहिलं. खाली सही केली आणि तारीख घातली.